पंडरीतल्या लाल गाडीबद्दल खुलासा

डब्ल्यू.आर.एस. कॉलनी, रायपूर
रविवार, दुपार

आदरणीय भाऊजी आणि ताई, दोघांनाही संघर्षचा वाकून जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तब्येतीनं. ताईची नवी कवळी बसली का, की अजून डबीतच असते, ते कळवावं. भाऊजी, तुमचं सकाळचं फिरणं सुरू असेल आणि फुटाळा तलावावर तर्री-पोहे खाऊन ते फिरणं तुम्ही फिटवून टाकत असाल, असा मला विश्वास आहे. आईची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि न बोलण्यातही दम लागत नाही. साक्षीचा अभ्यास चालला आहे. क्षमा मजेत आहे. माझ्याकडे पाहिलं की तिची मजा वाढते.

फोन न करता कागदावर लिहितो आहे याचं कारण असं की फोनवर तुम्ही हसाल, तुम्ही हसलात की मीही हसेन, आणि मग सांगायचं ते राहून जाईल. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. कुटुंबाच्या ग्रुपवर तो आधी मामाच्या पोरानं टाकला, मग गोंदियाच्या आत्यानं 'आपलाच संघर्ष दिसतो' असं लिहून पुन्हा टाकला, आणि आज सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी अंगठा दाखवून तिसऱ्यांदा टाकला. लाल गाडी पंडरीच्या कपडा मार्केटात गतिरोधकावर अडकलेली, दोन दुकानवाल्या बाया आईला बगलेत धरून बाहेर ओढून राहिल्या, आणि बाजूला पांढऱ्या शर्टातला एक माणूस हात बांधून उभा, जणू त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. तो मी. त्या हात बांधण्याबद्दलच मला लिहायचं आहे.

माझं गाड्यांचं वेड तुम्ही अनेक लग्नांत भोगलं आहे. कोणत्याही मांडवात कोणी चावी टेबलावर ठेवली की मी सुरू होतो: आपल्या कंपन्या काहून नाही बनवत एक स्वस्त स्पोर्ट्स कार, साधी, हलकी, दोन सीटची, नोकरदार माणसाला परवडेल अशी? सगळ्या गाड्या उंच, सगळ्या फुगलेल्या, जणू प्रत्येकाला घरातून थेट जंगलात जायचं आहे. (तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात याच भाषणात तुमचं जेवण थंड झालं होतं. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, हे मी विसरलेलो नाही.) इथे रायपुरात माझ्यासारख्यांचा एक ग्रुप आहे, 'रफ्तार रायपूर'. सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांना घोरायची सवय. आम्ही दर रविवारी भनपुरीच्या एका टपरीवर चहा पितो आणि कंपन्यांना शिव्या देतो. कंपन्यांचे मालक भित्रे आहेत, त्यांना गाडीचं प्रेमच नाही, त्यांना फक्त नफा दिसतो, इत्यादी. त्या शिव्यांवर आमची मैत्री उभी आहे.

आणि मग, भाऊजी, एका कंपनीनं खरोखरच तशी गाडी बनवली. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं आमचं काही वाईट केलेलं नाही, आम्हीच तिचं केलं.) दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, जमिनीला घासून चालणारी, आणि किंमत मध्यमवर्गीय चारचाकीइतकी. त्या कंपनीचं शोरूम भनपुरीलाच, ट्रकांच्या बॉड्या बांधतात त्या रस्त्यावर. मालक भैय्यालालजी. गाडीचं चित्र पाहूनच ते म्हणाले होते की ही खेळणी आमच्याकडे कोण घेणार. पण तिथं विक्रीला पायल नावाची मुलगी आहे, गुढियारीची. आपल्यातलीच, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. तिनं आम्हाला टपरीवर बोलताना ऐकलं होतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भैया, सेठजी डिस्प्ले की गाड़ी नहीं मँगा रहे। आप लोग सच में लेंगे न?"

"हव!" मी म्हणालो. "हव, हव! मागव तू. पूर्ण ग्रुप तयार आहे."

पूर्ण ग्रुपला मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, वीस वर्षं शिव्या देणारी माणसं आणखी काय विचारायची.

तर गाडी आली. तिच्याबरोबर कंपनीचा एक माणूसही आला, शिरीष म्हणून, पुण्याकडचा, वयानं माझ्याहून लहान, चष्मा, आवाज हळू. गाडीसाठी त्यानं कंपनीत बरीच वर्षं डोकं फोडलं होतं हे नंतर कळलं. आता लहान शहरांत लोक काय म्हणतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला तो हिंडत होता. शनिवारी शोरूममध्ये आमची सभा ठेवली. रफ्तार रायपूर झाडून हजर. काहींनी टोप्या आणल्या, एकानं बिनबोटांचे हातमोजे. गाडीभोवती फिरून झालं, फोटो झाले, बॉनेट उघडून सगळ्यांनी आत पाहून मान हलवली (आत काय पाहायचं असतं हे आम्हाला कोणालाच नीट माहीत नाही, पण मान हलवता येते). मग मी भाषण केलं. भाऊजी, चांगलं झालं भाषण. गाडी ही नुसती वस्तू नसते, माणूस दिवसभर ज्या खुर्चीत वाकतो ती विसरायला त्याला एक वळण हवं असतं, असं काहीतरी मी म्हणालो. शिरीषनं चष्मा काढून पुसला.

मग त्यानं विचारलं, "बुकिंग कोण करणार?"

बाहेर ट्रकची बॉडी ठोकत होते तो आवाज एकदम जवळ आला. मग एकेक जण बोलायला लागला. एकाला गाडी फार आवडली, फक्त मागं एक सीट हवी होती, पोरांना शाळेत सोडायला. दुसऱ्याला आवडली, फक्त जमिनीपासून थोडी उंच हवी होती, गावाकडचा रस्ता खराब. तिसऱ्याच्या बायकोला वरून उघडणारं छत पाहिजे. चौथ्याला डिझेल. पाचव्याला डिकीत गॅस सिलिंडर बसला पाहिजे. हातमोजेवाला म्हणाला, एवढं केलं तर मी आजच घेतो. शिरीषनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ती गाडी आम्ही बनवतोच आहोत. ती बघा, तिकडं उभी आहे." आणि खरंच, काचेपाशी ती उभी होती, सात सीटची, उंच, फुगलेली, पांढरी.

त्यानं लॅपटॉप मिटला. पायल भिंतीकडे पाहत होती. भैय्यालालजी पायलकडे पाहत होते. त्या पोरीनं माझ्या शब्दावर मालकाकडे हट्ट धरला होता हे फक्त तिला आणि मला माहीत होतं, आणि ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो. मी हात वर केला आणि म्हणालो, "मी घेतो."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवल्या ज्यांनी घेतली नव्हती. शिरीषनं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि भाऊजी, मी शूर माणूस आहे असं मला घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिलं. घरी क्षमानं एकच प्रश्न विचारला: आपण चौघं आहोत, मग उरलेले दोघं कुठं बसणार? मी म्हणालो, आळीपाळीनं जाऊ. ती हसली नाही. तिनं फक्त साक्षीकडे पाहिलं आणि साक्षी अभ्यासाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मागच्या रविवारी, शिरीषनं गाडी मला दिवसभर दिली. त्याला पाहायचं होतं की खऱ्या घरात ती कशी वावरते. तो आणि पायल शोरूमच्या गाडीतून मागं येणार होते. मी आईला बसवलं. बसवलं म्हणजे, तिनं दाराला पाठ केली, मी "सोड" म्हणालो, तिनं स्वतःला सोडलं आणि ती आत पोहोचली. "खाली किती दूर आहे रे," एवढंच म्हणाली.

आम्ही आधी नवा रायपूरकडे गेलो. तिथले रस्ते तुम्ही पाहिले आहेत, रुंद, गुळगुळीत, आणि गाड्या नाहीतच. तिथं मी ती गाडी पळवली. भाऊजी, त्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. ती गाडी वळणावर असं वळते की हात नुसता विचार करतो आणि ती वळलेली असते. मला वाटलं, इतकी वर्षं मी जे बोलत होतो ते खरं होतं. आणि आई! बाबा गेल्यापासून मी तिला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. तिनं एका हातानं पदर धरला, दुसऱ्या हातानं दाराची मूठ, आणि म्हणाली, "अजून हाण! मागून कोणी नाही येऊन राहिलं!" मागून शिरीष येत होता, पण फार मागं.

तिथंच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण आईला विहारातल्या बायांसाठी पांढऱ्या साड्या घ्यायच्या होत्या, म्हणून आम्ही पंडरीला गेलो. रविवार, लग्नसराई, गल्लीत कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, ई-रिक्षा. आणि एका दुकानवाल्यानं आपल्या दुकानासमोर स्वतःच्या हातानं बांधलेला गतिरोधक. तो गतिरोधक नाही, ती टेकडी आहे. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडीचं पोट त्यावर बसलं. मागची चाकं फिरत राहिली, गाडी हलली नाही. मी उतरलो. आईला उतरता येईना. आधी ती खाली बसलेली, त्यात गाडी वाकडी, त्यात गुडघे. मी ओढलं तर ती अर्धी आली आणि थांबली. मागून हॉर्न सुरू झाले. माणसं जमली. जमली म्हणजे पंडरीच जमली. मोबाईल वर झाले.

कोणीतरी विचारलं, "गाड़ी किसकी है, भैया?"

पूर्ण आयुष्य मी या प्रश्नाची वाट पाहिली होती, भाऊजी. लाल गाडी, माणसांचा घोळका, आणि हा प्रश्न. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कंपनी की है। मैं तो ड्राइवर हूँ।"

"और ये माताजी?"

"सवारी हैं।"

हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून निघालं. एकदा ड्रायव्हर म्हटल्यावर ड्रायव्हरची आई गाडीत कशी, असा काहीतरी हिशेब त्या क्षणी डोक्यात झाला असावा. मी हात बांधले. व्हिडिओत तुम्ही पाहिलेले ते हात. समोरच्या दुकानातल्या दोन बाया पुढे आल्या, त्यांनी आईला बगलेत धरलं, एक म्हणाली "अम्मा, साँस छोड़ो", आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. आईनं पदर नीट केला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं त्या बायांना म्हटलं, "बाई, एक रिक्शा बुला दो। और इस डरायवर से पूछ लो, किराया कितना हुआ।"

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीची आहे. मी वळलो तर मागं शिरीष आणि पायल उभे होते. किती वेळ उभे होते ते मी विचारलं नाही. त्या बायांच्या दुकानातून साड्या घेतल्यावर ते दोघं आईला ई-रिक्षापर्यंत सोडायला गेले, मी नाही. गठ्ठे उचलणाऱ्या हमालांनी गाडी अलगद उचलून पलीकडे ठेवली, कारण ती खरंच हलकी आहे. याच हलकेपणावर मी शनिवारी भाषण केलं होतं.

नंतर शिरीषनं मला चहा पाजला. त्याला रागवता येत नाही असं दिसतं. मी म्हणालो, तुमच्या कंपन्या अशा गाड्या का बनवत नाहीत ते मला आज कळलं, आपले रस्ते. तो म्हणाला, रस्ते नंतर येतात. गाडी लाख विकली जावो की काहीशे, तिचे साचे तेवढेच बनवावे लागतात, भिंतीवर आपटून तपासावी तेवढीच लागते. तो खर्च थोड्या गाड्यांवर पडला की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. म्हणून वरचे साहेब त्याला विचारायचे, घेणार कोण? आणि तो सांगायचा, आहेत लोक, गावोगावी आहेत, मी त्यांचं बोलणं ऐकतो. मग चहा संपवून म्हणाला, "लोकांना ही गाडी हवी असते, हे खरं आहे. फक्त ती दुसऱ्याच्या दारात हवी असते, येता-जाता बघायला." हे तो माझ्याबद्दल बोलत नव्हता. त्याला अजून वाटत होतं की मी घेणार आहे.

सोमवारी मी बुकिंग रद्द करायला गेलो. पायलला काय सांगायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं, पण तिनं बोलूच दिलं नाही. म्हणाली, "भैया, टेंशन मत लो।" लाल गाडी पाहायला जी गर्दी शनिवारपासून येत होती, त्यातल्या कित्येकांनी आत आल्यावर ती उंच पांढरीच बुक केली. हातमोजेवाल्यानंही. भैय्यालालजी इतके खूश की पायलचा पगार वाढवणार आहेत. त्यांनी मला जबरदस्तीनं पेढा भरवला. आणि मग, भाऊजी, पायलनं त्या पांढरीचं दार उघडलं आणि म्हणाली, "मम्मीजी के लिए देखो, चढ़ने को सीढ़ी भी है।" मी आत बसलो. सीट मऊ होती. आम्ही चौघं बसून वर ताई, तुम्ही आणि विहाराच्या साड्या मावल्या असत्या. मी सही केली.

शोरूमवाल्यांची पद्धत आहे, बुकिंग झालं की हार घालतात आणि पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात. मी हार घालून, ती चावी छातीशी धरून, पांढऱ्या गाडीसमोर उभा असतानाच शिरीष बॅग घेऊन निरोप घ्यायला आत आला. चावी इतकी मोठी होती की ती कुठं लपवायची तेच सुचेना. त्यानं पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाला, "चांगली गाडी आहे. आईंना त्रास नाही होणार." एक शब्द वाकडा नाही. तो रागावला असता तर मी आज शांत झोपलो असतो.

घरी येऊन मी आईची माफी मागितली. ती साड्यांना पिको करत बसली होती. मशीन थांबवून म्हणाली, "अडकली त्याचं मले काही नाही रे. अडकते माणूस. पण येता-जाता सगळ्यायले सांगत होता, माही गाडी, माही गाडी. अन् अडकली तवा ना गाडी तुही, ना माय तुही." एवढं बोलून ती पुन्हा मशीन चालवायला लागली. तेव्हापासून घरात माझं नाव पडलं आहे. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "डरायवर भैया, चाय पी लो।" हिंदीत. भाऊजी, माझी आई माझ्याशी हिंदीत बोलते.

ताईला एवढंच सांगा की व्हिडिओत दिसतो तो माणूस आपलाच आहे. नाकारू नका. नाकारण्याचं काम माझं करून झालं आहे.

तुमचा, कोणत्याही मांडवात यापुढे गाड्यांवर एक शब्द न बोलणारा,
संघर्ष

ता.क. शिरीषला मी फोन केला होता, माफी मागायला. त्यानं सांगितलं की कंपनी ती गाडी आता बंद करते आहे. ठिकठिकाणच्या शोरूममध्ये दाखवायला ठेवलेल्या गाड्या फार कमी भावात काढून टाकणार आहेत, जवळजवळ जुनीच्या भावात. मी म्हणालो, फार वाईट झालं. फोन ठेवल्यावर मला आठवलं की नागपुरात वर्धा रोडला त्यांचं एक शोरूम आहे. भाऊजी, तुम्ही एकदा सहज फिरायला गेल्यासारखं जाऊन पाहून याल का? लाल असेल तर बरं, नाहीतर कोणताही रंग चालेल. माझं नाव सांगू नका. गाडी स्वतःसाठी पाहिजे असं म्हणा.

पुन्हा ता.क. आईलाच ती गाडी पुन्हा पाहिजे आहे, असं मी वर लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मी तिला विचारलं, आणि ती "हं" म्हणाली. तो 'हं' साडीच्या काठाबद्दलही असू शकतो.

शेवटचं ता.क. पांढरीचं बुकिंग तसंच आहे, तेव्हा हे क्षमाला बिलकुल कळता कामा नये. गाडी मिळाली तर न्यायला मी एकटाच येईन. तुम्ही एकाएकी आजारी पडलात, मला जावंच लागेल, असं मी तिला सकाळीच सांगून ठेवलं आहे. कोणता आजार ते मात्र अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सोयीचा असेल तो उलट टपाली कळवावा. ती आज संध्याकाळी ताईला फोन करणार आहे.